जुनी गाडी घेताना आधी पत्रा तपासा: लपलेला गंज आणि झाकलेली दुरुस्ती ओळखण्याची रीत

फियाट, अँबेसिडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड यांसारखी जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी बोनेट उघडतो, इंजिन सुरू करायला सांगतो आणि त्याचा आवाज ऐकून मनाशी निर्णय घेऊन टाकतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. इंजिनाचे बोअरिंग करून घेता येते, गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवता येतो आणि पुण्याच्या नाना पेठेतली दुकाने किंवा जुना बाजार चिकाटीने पालथा घातला, तर दिवे, पंप, हँडल असे सुटे भागही हाती लागतात. सडलेली बॉडी मात्र अशी बाजारातून आणता येत नाही. ती एकेक तुकडा कापून, हाताने पत्रा घडवून आणि वेल्डिंग करून उभी करावी लागते. हे काम जाणणारे डेंटर आता मोजकेच उरले आहेत आणि त्यांच्या मजुरीचा आकडा पुष्कळदा गाडीच्या किमतीला मागे टाकतो.

फियाट ११०० आणि तिचाच पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी, तसेच मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अँबेसिडर, या गाड्यांना जीप किंवा ट्रकसारखी स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दारांखालच्या सिल, पिलर आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा तयार होतो आणि सगळा भार तोच पेलतो. त्यामुळे या गाड्यांमधला गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही, तो गाडीच्या ताकदीवर घाला घालतो. हेराल्डची रचना वेगळी आहे. तिच्या खाली स्वतंत्र चॅसी असते आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले असतात. म्हणून हेराल्डच्या बाबतीत वरचा पत्रा थोडा खराब असला तरी चालवून घेता येईल, पण चॅसी आणि तिच्यापासून बाजूंना निघालेले हात मात्र निरोगी असलेच पाहिजेत.

गंज शोधायचा तर गाडीकडे पाण्याच्या वाटेने पाहावे. पाणी कोठून शिरते, कोठे साचते आणि कोठून बाहेर पडायला हवे, हे तीन प्रश्न प्रत्येक भागाजवळ उभे राहून स्वतःला विचारावेत. लोखंड, हवा आणि ओल एकत्र आली की गंज सुरू होतो आणि मीठ असेल तर त्याचा वेग कितीतरी वाढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणूनच तो आतून रंगाला वर ढकलतो आणि पृष्ठभागावर बारीक फुगे येतात. असा फुगा दिसला, तर आतल्या बाजूने पत्रा आधीच बराच खाल्ला गेला आहे असे धरून चालावे. दुहेरी पत्र्याच्या आणि बंद पोकळीच्या जागी गंज बहुधा आतून बाहेर येतो, बाहेरून आत क्वचितच जातो.

'पुण्याची गाडी आहे, इथली हवा कोरडी, गंज कसला?' हे वाक्य विक्रेत्यांकडून हमखास ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मुंबईत तो २००० मिलिमीटरच्या वर जातो आणि शिवाय समुद्राची खारी हवा बाराही महिने असते. परंतु नंबर प्लेट पुण्याची आहे म्हणून गाडीने आयुष्य पुण्यात काढले असे होत नाही. लोणावळा पुणे जिल्ह्यातच आहे आणि तिथला पाऊस मुंबईच्याही वर जातो. तिथल्या बंगल्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे कागदही पुणे किंवा पिंपरी-चिंचवडचेच असू शकतात. कोकणातल्या गावी नेऊन ठेवलेल्या गाडीचेही तसेच. म्हणून गाडी कोणाच्या नावावर होती यापेक्षा ती कोठे आणि कशी उभी होती, हे आधी विचारावे. खुद्द शहरातल्या गाड्यांचा गंजही वेगळ्या कारणांनी येतो. प्रभात रस्ता किंवा भांडारकर रस्त्यासारख्या भागात मोठ्या झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये बोनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या भागात पाला साचून कुजतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ठेवलेल्या गाडीत ओल कोंडून राहते आणि तिचा पत्रा उघड्यावरच्या गाडीपेक्षाही लवकर सडू शकतो. मातीच्या जमिनीवर दीर्घकाळ उभी असलेली गाडी तर खालून ओलावा शोषतच असते.

पाहणीची वेळ आणि साधने

गाडी सकाळच्या तिरप्या उन्हात, कोरडी असताना पाहावी. नुकत्याच धुतलेल्या गाडीवर पाण्याचा थर असतो आणि त्याखाली पत्र्याचे उंचसखल भाग दडतात. संध्याकाळी पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली दाखवली जाणारी गाडी त्या दिवशी पाहू नये, दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यावी. शक्य असेल तर पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे पाहणी ठेवावी, कारण चार महिन्यांत आतून वाढलेला गंज तोवर रंगावर दिसू लागलेला असतो. उन्हाळ्यात, नव्या रंगानिशी विकायला आलेल्या गाडीने त्या रंगात अजून एकही पावसाळा काढलेला नसतो, हे ध्यानात ठेवावे.

सोबत चांगली टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक, बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणि अंगाखाली अंथरायला एखादे जुने पोते असावे. फोनला जोडता येणारा बारीक वायरीचा कॅमेरा मिळाला तर पोकळ भागांच्या आत पाहता येते, आणि या कामात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी मालकाची परवानगी अवश्य घ्यावी. परवानगी मागितल्यावर तो काय म्हणतो, यातूनही बरेच कळते.

खालून सुरुवात

सर्वांत आधी गाडीखाली जावे. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जवळच्या सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर किंवा एखाद्या गॅरेजच्या पिटवर गाडी नेण्याचा आग्रह धरावा. त्याचे भाडे किरकोळ असते आणि गाडीची खरी किंमत तिथेच ठरते.

दारांखालची सिल, जिला आपल्याकडचे कारागीर रनिंग बोर्ड म्हणतात, ती या गाड्यांची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त फसवणारी जागा आहे. ती बंद पोकळी असते. वरून दारांच्या रबरातून पाणी झिरपते, खालून चाकांनी उडवलेला चिखल येतो आणि पाणी बाहेर जाण्याची छिद्रे बुजली की ओल आतच राहते. बाहेरून नवा पत्रा चढवला की सिल अगदी सरळ आणि देखणी दिसते, पण आतला मूळ पत्रा तसाच सडत राहतो. म्हणून तिच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावे. कारखान्यातल्या जोडावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगचे लहान गोल खळगे असतात. ते अजिबात नसतील आणि त्याऐवजी वेल्डिंगची सलग, ओबडधोबड रेघ किंवा जाड सीलंट असेल, तर सिल बदललेली आहे. बदललेली असणे हा दोष नव्हे. आतला सडलेला भाग कापून मग ती बदलली की वरून नुसते झाकण घातले, हे पाहायचे असते. पाणी जाण्याची छिद्रे शोधावीत आणि त्यातून कॅमेरा आत घालावा. नव्या पत्र्याला ती छिद्रेच ठेवलेली नसतील, तर काम करणाऱ्याला गाडीची रचना कळलेली नाही किंवा त्याला फक्त झाकायचे होते.

त्यानंतर सिलची एक साधी परीक्षा घ्यावी. चारही दारे बंद असताना दारांमधल्या फटी नीट पाहून ठेवाव्यात आणि फोटो काढावेत. मग जॅक लावण्याच्या मूळ जागी जॅक लावून एक बाजू हळूहळू उचलावी. चाक जमिनीपासून सुटेपर्यंत फटी होत्या तशाच राहिल्या आणि दार सहज उघडले-मिटले, तर सांगाड्यात दम आहे. फटी बदलल्या, दार अडकू लागले किंवा जॅकखालचा पत्रा चुरचुर आवाज करत आत दबला, तर जॅक लगेच खाली घ्यावा. अशा गाडीच्या सिल आणि फ्लोअर दोन्ही नव्याने करावे लागतील असे समजावे.

फ्लोअर दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. आत मॅट आणि त्याखालचे नमदे उचलून हात लावून पाहावे. नमदा एकदा भिजला की आठवडेच्या आठवडे ओला राहतो. चालकाच्या पायांखालचा आणि मागच्या सीटखालचा कोपरा विशेष तपासावा. वरून पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या कडांना काळा डांबरी थर फासलेला असतो, हा प्रकार फार आढळतो. असे ठिगळ चुंबकाला फसवते, कारण तेही लोखंडच असते. तिथे कड शोधावी आणि ठिगळाखाली मूळ पत्रा शिल्लक आहे का, हे गाडीखालून पाहावे.

अँबेसिडरच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये गाडीच्या लांबीच्या दिशेने टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, असतात आणि त्यांची मागची टोके फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरवर अडकवलेली असतात. तिथे गंज असेल तर पुढच्या चाकांचा भार पेलणारी जागाच कमकुवत झाली, असे समजावे. ती दुरुस्ती रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उरकण्याची नव्हे. मागे पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोके जिथे बॉडीला जोडलेली असतात, त्या जागा फियाट आणि अँबेसिडर या दोन्ही गाड्यांत बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहाव्यात. चांगला पत्रा टणक लागतो आणि सडलेला पापुद्र्यासारखा सुटतो.

नुकताच मारलेला, एकसारखा काळा अंडरकोट, म्हणजे तळाचा संरक्षक थर, गाडीच्या बाजूने पुरावा ठरत नाही. चांगल्या स्वच्छ पत्र्यावर मारलेला अंडरकोट गाडीचे रक्षण करतो. गंजावर मारलेला असेल तर तो ओल आत कोंडतो आणि खरेदीदाराची नजर बाहेर ठेवतो. तो केव्हा मारला आणि त्याआधीचे फोटो आहेत का, असे विचारावे. फोटो नसतील तर एकदोन ठिकाणी मालकाच्या संमतीने थोडा खरवडून पाहावा.

वरचे भाग

दारांच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या घडीत पाणी राहते. दार उघडून आरशाने ती कड खालून पाहावी आणि बोटाने छिद्रे मोकळी आहेत का ते चाचपावे. दार उघडल्यावर ते दोन्ही हातांनी हळूच उचलून पाहावे. हालचाल बिजागरीत असेल तर पिन बदलून भागते, पण बिजागरी जिथे बसवली आहे तो पिलरच हलताना दिसला तर प्रकरण गंभीर आहे.

पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग, हेडलाइटच्या मागची पोकळी आणि चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा या चिखल साठण्याच्या जागा आहेत. तिथला वाळलेला चिखल मुद्दाम काढून पाहावा. बॅटरीखालचा ट्रे आम्लाने खाल्लेला असतो आणि ते आम्ल खालच्या पत्र्यापर्यंत उतरलेले असू शकते. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली रंग उडालेला असेल तर ब्रेक ऑइल गळून रंग गेला आणि उघड्या पत्र्यावर गंज चढला, असा अर्थ लावता येतो. डिकीत स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालचा तळ पाहावा. डिकीचे रबर म्हातारे झाले की पाणी नेमके तिथे जमते.

पुढच्या आणि मागच्या काचेच्या रबराभोवती रंग फुगला आहे का, हे बारकाईने पाहावे. मालक तयार असेल तर काचेच्या वरच्या कडेवर तांब्याभर पाणी सावकाश ओतावे आणि आत डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाणी उतरते का ते पाहावे. या भागातली गळती वर्षानुवर्षे कोणाला कळत नाही आणि फ्लोअरच्या गंजाचे मूळ पुष्कळदा इथेच असते. ते मूळ न शोधता फ्लोअर नवा केला, तर तोही सडणार.

पुटी आणि रंग

गाडीच्या मागच्या टोकाला खाली वाकून, पत्र्याच्या रेषेत पुढे पाहावे. विजेच्या तारा, गॅलरीचे गज किंवा इमारतीची कड यांचे प्रतिबिंब पत्र्यावर सरळ धावले पाहिजे. ते जिथे लहरते, तिथे पुटी, म्हणजे खळगे भरून पृष्ठभाग सपाट करणारा लगदा, आहे किंवा पत्रा ठोकलेला आहे. मग माठ घेताना टिचकी मारून पाहतो तशी बोटाच्या पेराने त्या भागावर टिचकी मारावी. मोकळा पत्रा किंचित घुमतो, पुटी भरलेली जागा बद्द वाजते. कापडात गुंडाळलेले चुंबक तिथे सरकवावे आणि पकड कोठे सैल होते ते पाहावे. दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या काही गाड्यांच्या सांध्यांवर कारखान्यातच शिसे-कथिलाची भर घातलेली असे आणि तिथेही चुंबकाची पकड कमी होते.

रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र मिळाले तर काम अधिक नेमके होते. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर २०० ते ३०० मायक्रॉन भरतात. आकडा ५०० च्या पुढे गेला तर खाली पुटी आहे असे धरावे आणि जाड पुटीवर तो हजाराच्याही वर जातो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीला मूळ रंग असण्याची अपेक्षा मुळातच ठेवू नये, आणि घासून गुळगुळीत करण्यापुरती पातळ पुटी हा चांगल्या रंगकामाचाही भाग असतो. चिंता करावी ती छिद्रावर भरलेल्या पुटीची. पुटी ओल शोषते आणि तिच्यामागे पत्राच नसेल तर दोन पावसाळ्यांत तिच्या कडा उचलू लागतात. सिलच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या वीतभर पट्ट्यात असे प्रकार अधिक दिसतात.

रंगाचे तुषार कोठे उडाले आहेत यावरून दुरुस्तीची हद्द ठरवता येते. दारांची रबरे, बीडिंगच्या खाचा, बोनेटखालच्या वायरी, सायलेन्सर, पाटे यांवर बॉडीच्या रंगाचे कण सापडले तर सामान न उतरवता घाईने रंग मारलेला आहे. मास्किंग टेपची कड नखाला लागते. डॅशबोर्डमागे, डिकीच्या अस्तराखाली आणि बिजागरीमागे मूळ रंग शिल्लक असतो. त्याची नोंद आरसीवरच्या रंगाशी ताडून पाहावी. मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग तडकलेला असेल तर मडगार्ड कधीतरी उतरवलेले आहे. ते का, हा प्रश्न सौम्यपणे पण नक्की विचारावा.

अपघाताच्या खुणा गंजाच्या खुणांमध्ये मिसळलेल्या असतात. बोनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी नसणे, पुढच्या चाकांजवळच्या आतल्या पत्र्यावर सुरकुत्या असणे, एका बाजूला कारखान्यातले सीलंट आणि दुसऱ्या बाजूला हाताने फासलेले सीलंट असणे, टायर एकाच कडेने झिजलेले असणे, यांपैकी एकच गोष्ट दिसली तर तिचे साधे कारण असू शकते. पण दोन-तीन गोष्टी एकाच बाजूला दिसल्या तर त्या बाजूने गाडी जोरात आदळली होती, असे समजून पुढची तपासणी करावी.

कागद आणि बोलणी

चॅसी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. आरटीओमध्ये पेन्सिलने त्याचा छाप घेतात, तसाच छाप आपणही कागदावर घ्यावा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवावे. ज्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला आहे त्याच्याभोवती वेल्डिंग, नवी पुटी किंवा घासल्याच्या खुणा असतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी व्यवहार तिथेच थांबवावा. तिथे दुरुस्तीचा नव्हे, गाडीच्या खऱ्या ओळखीचा प्रश्न उभा राहतो.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा विचार असेल तर बॉडीची मूळ स्थिती आणखी महत्त्वाची ठरते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनालाच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. अशा वाहनाला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि ते रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. त्यामुळे छत कापून उघडी केलेली किंवा पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा बसवलेली गाडी 'व्हिंटेज होईल' या आश्वासनावर घेऊ नये.

मालकाशी बोलताना त्याच्या गाडीचा अपमान होईल असे काही बोलू नये. पुण्यातल्या अशा अनेक गाड्या वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेल्या असतात आणि विकणाऱ्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. 'काका, सिलचे काम कोणी केले आणि तेव्हाचे फोटो आहेत का?' एवढे विचारले तरी पुरते. सडलेला भाग कापताना, नवा पत्रा बसवताना आणि रंगापूर्वी प्रायमर मारताना काढलेले फोटो दाखवणारा मालक मिळाला, तर त्याच्या गाडीला मी न दुरुस्त केलेल्या गाडीपेक्षाही अधिक मोल देईन. उलट 'रंग एवढा छान आहे, आत काय बघता?' असे उत्तर आले, तर रॅम्पवरची पाहणी अधिक कसून करावी.

शेवटी, मन जवळजवळ ठरल्यावर, एका अनुभवी डेंटरला त्याची फी देऊन गाडीपाशी घेऊन यावे. हा डेंटर विक्रेत्याने सुचवलेला नसावा. त्याच्याकडून सिल, फ्लोअर, पाट्यांच्या जागा आणि दारांच्या कडा यांच्या कामाचा अंदाज प्रत्येक भागासाठी वेगवेगळा, मजुरी आणि सामान धरून लिहून घ्यावा. बंद पोकळी उघडल्यावर काम वाढतेच, म्हणून त्या आकड्याच्या दीडपट रक्कम हाताशी ठेवावी आणि मूळ अंदाज गाडीच्या मागितलेल्या किमतीतून वजा करून आपली किंमत सांगावी. ती मालकाला मान्य झाली तर विक्रीच्या करारात गाडीची त्या दिवशीची स्थिती, चॅसी क्रमांक आणि सांगितलेल्या दुरुस्त्या नोंदवून दोघांनी सह्या कराव्यात, आणि गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पाणी जाण्याची सर्व छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत.